खाडीची तुरटी

सदाशिव पेठेत राहून मी कालवांवर लिहायला बसले आहे, हे आमच्या जिन्यात कळलं तर निम्म्या जणी तोंडाला पदर लावतील आणि उरलेल्या निम्म्या दार लोटून घेऊन हळूच विचारतील, "कशी लागतात गं?" म्हणून आधीच सांगून टाकते, हा पाककृतीचा लेख नाही. पाककृती तुम्हांला पान उलटल्यावर मिळेल, बहुधा कोबीच्या वड्यांची!

देशावरच्या मैत्रिणींसाठी एवढं सांगते, की कालव म्हणजे खाडीच्या खडकाला चिकटून राहणारा वेडावाकडा, राखी रंगाचा शिंपला. तिसऱ्या, शिणाणे हे त्याचे भाऊबंद. पण तिसऱ्या वाळूत-चिखलात शिरून बसतात, कालव मात्र खडकाला असं धरतं की लोखंड लावल्याशिवाय सुटत नाही. कडा अगदी पात्यासारख्या. माझ्या उजव्या तळपायावर अजून एक पांढरी रेघ आहे, ती कालवाचीच.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आत्याने बजावलं आहे, "नाव छापलंस तर पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतील कालवं खायला!") बी.ए.ला मी पुण्यात होते, इथेच ह्यांची ओळख झाली आणि पंधरा वर्षांपूर्वी पेठेतल्या घराचं माप ओलांडलं. घर शाकाहारी, सोवळ्याओवळ्याचं. मला कधी कुणी टोचून बोललं नाही, पण माहेरी काय शिजायचं हा विषय आमच्या स्वयंपाकघरात निघत नाही. निघालाच तर सासूबाई गॅसवरचं दूध बघायला उठतात. मग मीही तो काढायचा सोडून दिला. लेक सातवीत गेली, तरी तिला सांगितलं नव्हतं की तिची आई परकर खोचून, गुडघाभर पाण्यात उभी राहून कालवं फोडायची.

आठवड्यातून तीन दिवस मी एका शाळेत सहावीला भूगोल शिकवते. गेल्या वर्षी नद्यांचा धडा चालू असताना एका मुलाने विचारलं, "बाई, सगळ्या नद्या गावांची घाण समुद्रात नेऊन टाकतात, मग किनाऱ्याचं पाणी गटारासारखं का होत नाही?" मी म्हटलं, "समुद्र फार मोठा असतो म्हणून." मुलगा खाली बसला. पटलं म्हणून बसला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही पटलं नव्हतं.

दिवाळीत भाऊबीजेला माहेरी जायचं ठरलं. ह्यांना रजा नव्हती. सासूबाईंच्या मनात कित्येक वर्षं गणपतीपुळ्याचं दर्शन होतं, त्या म्हणाल्या, "तुझ्या गावाहून जवळच ना? मग मीही येते." मी "हो हो, या ना" म्हटलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दिवाळीचे चार दिवस आमच्या आत्याच्या चुलीवर काय काय चढतं ते मला ठाऊक! भावाला फोन करून सांगितलं, "सासूबाई आहेत तोवर फक्त डाळ-भात आणि बिरड्याची उसळ."

स्वारगेटहून सकाळची एस.टी. पकडली. कात्रज आलं तशी सासूबाईंनी नातीचं तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही पेठेतलंच, आणि पेठेच्या पाण्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधवले आणि जमिनीखालून दगडी नळ काढून पाणी पुण्यात आणलं. वरच्या तलावात गाळ खाली बसायचा, खालच्या तलावातलं निवळ पाणी नळात शिरायचं आणि हौदाहौदातून पेठांना मिळायचं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा सासूबाई आठ वर्षांच्या. घरातले नळ बंद पडले आणि लोकांनी पुन्हा हौदांची वाट धरली. "आई कळशीत तुरटी फिरवायची," त्या सांगत होत्या, "आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. पाणी निवळू द्यावं, घाई करू नये, म्हणायची."

लेकीने विचारलं, "आणि वापरलेलं पाणी कुठे जायचं?"

आता हे भूगोलाच्या बाईंचं काम. मी सांगितलं, की आपल्या मोरीतलं पाणी मुठेत, मुळा-मुठा भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. काही शुद्ध करून सोडतात, काही तसंच जातं.

"म्हणजे आपण भांडी घासलेलं पाणी पार आंध्रात? तिकडचे लोक आपल्याला काय म्हणत असतील?"

सासूबाई म्हणाल्या, "पोह्यांचा डबा काढ बघू."

कराड, मलकापूर, आंबा घाट करत संध्याकाळी पोचलो. भाऊबीज झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सगळी तयारी धुळीला मिळाली!

झालं असं, की अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. सात-साडेसातला ओहोटी होती. आत्या टोपली आणि टोकदार लोखंड घेऊन निघाली, लेक तिच्या मागे पळाली, आणि "पोर पाण्याकडे गेली" म्हणून सासूबाई साडी सावरत मागोमाग. मी पोचले तेव्हा तिघी बांधाशी उभ्या होत्या. आत्याने एक कालव फोडलं, वरचा शिंपला उडवला आणि आतला पांढुरका गोळा नखाएवढ्या पात्याने अलगद उचलला. लेक ओरडली, "ई! आई, हे तू कधी बघितलं होतंस?"

"बघितलं होतंस?" आत्या हसायला लागली. "अगो, तुझी आई माझ्याहून चपळ! एका ओहोटीला टोपली भरायची."

पंधरा वर्षं झाकून ठेवलेलं एका वाक्यात बाहेर पडलं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. त्या खाडीच्या पलीकडच्या काठाकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग आत्याला म्हणाल्या, "खालचा शिंपला का नाही काढलात?"

मला वाटलं होतं त्या पाठ फिरवतील. त्यांनी प्रश्न विचारला.

आत्याने सांगितलं, की खालचा कधी काढायचा नाही. तो खडकालाच ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर पुढचं पोर येऊन बसतं. तिच्या सासूने तिला असंच शिकवलं. ह्या साध्या वाक्याच्या पाठीमागे केवढं शास्त्र आहे ते मला पुढे वाचल्यावर कळलं. कालवाची अंडी लाखांनी पाण्यात सुटतात. त्यांतून निघालेलं पिल्लू डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक. दोन-तीन आठवडे ते पाण्याबरोबर हिंडतं आणि मग बसायला कठीण जागा शोधतं. खडक चालतो, पण फार आवडतो तो दुसऱ्या कालवाचा शिंपला. जागा पसंत पडली की अंगातून सिमेंटसारखा रस सोडून डावी बाजू चिकटवायची, आणि तिथून जन्मभर हलायचं नाही. चिखलावर पडलं तर संपलंच. आणखी एक गंमत, बहुतेक कालवं आधी नर असतात आणि मोठी झाली की बरीचशी मादी होतात! हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घर सांभाळायची अक्कल उशिराच येते." ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

पण मी पुढे गेले. त्या दिवशी दुपारची हकिगत राहिली.

आत्याची सून, म्हणजे माझी वहिनी, गावातल्या बचत गटात आहे. तिने आमच्या लेकीसाठी लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घासून आणल्या. दोन्हींत खाडीचं सारखंच गढूळ पाणी भरलं. एकीत दगडाच्या कपच्यांसकट सहा-सात जिवंत कालवं ठेवली, दुसरीत काही नाही. बरण्या पडवीत सावलीला ठेवल्या. सासूबाई तिथेच जपमाळ घेऊन बसल्या होत्या, मी म्हटलं उचलते, तर म्हणाल्या, "असू दे, मला काय करताहेत?"

थोड्या वेळाने कालवांनी तोंडं किंचित उघडली, जेमतेम दोरा जाईल इतकी. बाकी हालचाल काही नाही. आम्ही स्वयंपाकाला लागलो. दोनेक तासांनी सासूबाईंची हाक आली. दुसरी बरणी होती तशीच चहाच्या रंगाची, वर थोडं निवळलेलं इतकंच. आणि कालवांच्या बरणीतून पलीकडच्या तुळशीची पानं मोजता येत होती! तळाशी बारीक दोऱ्यासारखी मातकट लडी पडली होती.

"ही तर तुरटीच की," सासूबाई म्हणाल्या.

वहिनी म्हणाली, "आजी, तुरटी विरघळून जाते. ही जेवते."

कालवाच्या कल्ल्यांवर केसांहून बारीक तंतू असतात. ते सतत हलत राहून पाणी आत ओढतात. पाण्यातली माती, कुजकं, बारीक शेवाळ असं सगळं कल्ल्यांवरच्या चिकट रसात अडकतं. मग निवडानिवड चालते, आपण डाळीतले खडे निवडतो तशी. खाण्याजोगं तोंडाकडे, नको असलेलं लाळेत गुंडाळून बाहेर. ते जड होऊन तळाला जातं, ह्याच त्या लड्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव सगळं मनासारखं असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं, असं तिकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. आमच्या मोरीतला निळा ड्रम २०० लिटरचा! पाणी किती गरम, किती खारं, किती गढूळ, कालव केवढं, त्याप्रमाणे हा आकडा पुष्कळ कमी होतो. आपली खडकावरची कालवं तर आकारानेही लहान. पण एका खडकावर ती हजारांनी असतात आणि भरती आली की सगळी एकदम कामाला लागतात.

आणि काम नुसतं गाळण्याचं नाही. शेतातल्या खताचं, घरांतल्या सांडपाण्याचं नत्र खाडीत उतरतं. त्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. ते शेवाळ मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासळी तडफडून वर येते. कालवं हे शेवाळ माजण्याआधीच खातात. नत्राचा काही भाग त्यांच्या अंगात आणि शिंपल्यात जातो. तळाला पडलेल्या लड्यांतल्या नत्राचा काही भाग चिखलातले जिवाणू वायू करून हवेत परत सोडून देतात. पाणी निवळलं की ऊन तळापर्यंत पोचतं, पाण्यातलं गवत वाढतं, त्यात कोळंबीची पोरं वाढतात.

सहावीतल्या त्या मुलाला हे सांगायला हवं होतं. समुद्र मोठा आहे म्हणून नव्हे, तर काठावर कुणीतरी रोज निवडत बसलेलं असतं म्हणून.

सासूबाई मात्र तुरटीवर थांबणाऱ्या नव्हेत. जेवताना म्हणाल्या, "म्हणजे खाडीतली सगळी घाण हिच्या पोटात जात असणार. आणि ते तुम्ही खाता?"

बोचरा प्रश्न होता, पण अगदी खरा. आत्यानेच उत्तर दिलं, "म्हणून तर गटाराच्या तोंडाची कालवं आम्ही हातात धरत नाही." माती तळाला जाते, शेवाळ पचतं, पण सांडपाण्यातले रोगजंतू, कारखान्यांच्या पाण्यातले जड धातू कालवाच्या अंगात साठत राहतात. १९८८च्या सुरुवातीला चीनमध्ये शांघाय शहरात सांडपाण्याने बिघडलेल्या किनाऱ्यावरचे शिंपले अर्धेकच्चे खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती. ते शिंपले दुसऱ्या जातीचे, पण रीत तीच. म्हणून ज्या घरांत खातात त्यांना सांगते, पाणी कुठलं ते विचारल्याशिवाय कालवं घेऊ नका, शिंपल्यासकट घेतलीत आणि एखादं आ वासून पडलेलं, टिचकी मारूनही मिटत नसेल तर ते टाकून द्या, आणि कच्ची खाण्याचा साहेबी शौक आपल्या हवेत करू नका. पुरतं शिजवा.

"कालव म्हणजे निसर्गाची चाळणी" असं आजकाल कुठेही वाचायला मिळतं. वाचलं की मला थोडा रागच येतो. चाळणी आहे म्हणून वाटेल ते ओतायचं का? घरात कामाला बाई आहे म्हणून मुद्दाम सांडणारी माणसं असतात, तसला हा प्रकार. कालव माती निवडेल, मैला शुद्ध करण्याचं केंद्र बांधून देणार नाही.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याचं दर्शन छान झालं. परतताना सासूबाईच म्हणाल्या, "त्या तुमच्या मोठ्या खडकाकडे जाऊ या का? ती काल सांगत होती तो."

मोठा खडक आमच्या लहानपणी नुसता कालवांनी मढलेला असायचा. थरावर थर. फटींतून बोटाएवढे मासे, नखाएवढे खेकडे, गोगलगायी, कोळंबी. आपल्या जुन्या वाड्यांत कसं, एका चौकाभोवती बारा बिऱ्हाडं, जिन्याखालीसुद्धा कुणीतरी राहतंच, तसं. कार्ल मोबियस नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने उत्तर समुद्रातल्या कालवांच्या थरांचा अभ्यास करून १८७७ साली हेच लिहिलं, की हा नुसता शिंपल्यांचा ढीग नाही, ही एकमेकांवर अवलंबून असलेल्यांची वस्ती आहे. एकाला उपटलं की सगळ्यांचं बिनसतं. आपल्याकडेही मुंबईच्या खडकांवरच्या कालवावर आवटी आणि राय ह्या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनी १९३१ साली इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहून ठेवलं आहे. पुस्तकं असतात, आपल्यापर्यंत येत नाहीत.

आता मोठ्या खडकाची समुद्राकडची बाजू अजून भरलेली आहे. गावाकडची बाजू मात्र टक्कल पडल्यासारखी. काही वर्षांपूर्वी बाहेरची माणसं पहारी घेऊन आली आणि शिंपल्यासकट थरच्या थर उपटून घेऊन गेली. शिंपल्यांनाही गिऱ्हाईक असतं, चुन्याला आणि कोंबड्यांच्या खाद्याला. त्याच सुमाराला वरच्या अंगाचा डोंगर कापून घरांसाठी जागा केल्या. पावसाळ्यात ती सगळी तांबडी माती खाडीत उतरली आणि उघड्या खडकावर बसली. आता पिल्लं येतात, पण बसायला जागा नाही. मी अंगठ्याने माती खरवडली; बोटभर खाली खडक लागला.

"पूर्वी ह्या बाजूला दहा-बारा जणी बसायच्या," आत्या म्हणाली. ह्या बायकांची नावं कुठल्याही बोटीवर नसतात. बोट पुरुषांची, जाळं पुरुषांचं. ओहोटीचा खडक तेवढा बायकांचा. सकाळी दोन तास कालवं फोडायची, सोलून वाटे लावायचे, बाजारात बसायचं, आणि येताना मुलांच्या वह्या घेऊन यायचं. माझ्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाची खोलीची अनामत आत्याने दिली होती. ते पैसे ह्याच बाजूचे. हे मी तिथे उभी राहून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तू आधी कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही दूध बघायला उठायचात." बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्या हसल्या, आणि विषय तिथेच राहिला.

खडक असा उघडा पडला तर पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराकडे बघून कळतं. एकेकाळी तिथल्या कालवांना अख्ख्या उपसागराचं पाणी गाळायला काही दिवस पुरत असत. बेसुमार उपशानंतर उरलेल्यांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागेल, असा अंदाज तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली मांडला. पाणी गढूळ झालं, तळाचं गवत गेलं. आता तिथे कोट्यवधी खर्चून कालवं पुन्हा वसवताहेत. न्यूयॉर्कच्या बंदरात तर हॉटेलांतले खाऊन उरलेले शिंपले गोळा करतात, वर्षभर उन्हापावसात ठेवतात, त्यांवर पिल्लं बसवतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. आत्याच्या सासूला हे कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तामिळनाडू-केरळात दोरीवर कालवं वाढवण्याची पद्धत बसवली. मग सिंधुदुर्गातल्या खाड्यांत बायकांच्या गटांनी कालवं आणि शिणाणे दोरीवर वाढवून पाहिले, आणि २०१७पासून राज्याच्या कांदळवन विभागाची त्यासाठी योजनाही आहे. खाडीत बांबूंचा मांडव घालायचा, शिंपले ओवलेल्या दोऱ्या त्यावरून पाण्यात सोडायच्या. पिल्लं त्यांवर बसतात आणि चिखलापासून वर, वाहत्या पाण्यात वाढतात. खायला आणि विकायला ही कालवं झाली, म्हणजे खडकावरच्यांना जरा उसंत मिळते. तोटाही आहे. मोठ्या पावसात खाडीचं पाणी गोडं होऊन कालवं मरतात, मांडव मोडतात, आणि गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर सगळी मेहनत अंगावर पडते. वहिनीच्या गटाने पहिल्या वर्षी बांबूचे पैसेही सोडवले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गटाच्या सहा-सात जणी आमच्या पडवीत दोऱ्या करायला बसल्या. न्हाणीघरामागे वर्षानुवर्षांचा शिंपल्यांचा ढीग होता. उन्हात वाळून पांढरा झालेला. खिळ्याने भोक पाडायचं, नायलॉनच्या दोरीत ओवायचं, वीतभर अंतरावर गाठ, मग दुसरा शिंपला. असे पाच-सहा. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. आमच्या घरी गौरींचे हार त्याच करतात. शेवंतीची एक पाकळी कधी दुमडायची नाही.

"गाठ सरकते आहे तुझी," त्या वहिनीला म्हणाल्या.

वहिनीने पुन्हा मारली. पुन्हा सरकली.

सासूबाई उठल्या. ढिगाकडे बघून मला हळूच विचारलं, "वास तर नाही ना?" मी एक शिंपला उचलून नाकाशी धरला. ऊन लागलेल्या दगडासारखा वास, बाकी काही नाही. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि दोरी हातात घेतली. गाठ दुहेरी, मध्ये एक वेढा. सरकली नाही. मग त्या सगळ्या जणींनी ती गाठ शिकून घेतली. चहा येईपर्यंत सासूबाईंच्या अकरा माळा झाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, हेही खरं ते सांगायला हवं!

पुण्याला परतल्यावर मी शाळेत फळ्यावर दोन बरण्या काढल्या. तो मुलगा आता सातवीत. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून घेतलं आणि म्हटलं, गेल्या वर्षीचं माझं उत्तर चुकलं होतं. तो बराच वेळ फळा बघत होता. मग म्हणाला, "पण बाई, मुठेत कालवं नाहीत." मी म्हटलं, "नाहीत. गोड्या पाण्यात ती राहत नाहीत." "मग मुठेचं कोण निवडतं?" त्याला द्यायला माझ्याकडे नीटसं उत्तर अजून नाही.

माघात एका रात्री वहिनीचा फोन आला. मांडवातल्या दोऱ्या वर काढून बघितल्या होत्या. निम्म्या दोऱ्यांवर नुसतं शेवाळ. पण बाकीच्यांवर तिळाएवढे, काहींवर मसुरीएवढे दाणे बसले होते. "आजींना सांगा, त्यांच्या गाठीच्या माळा ओळखू येतात. एकही शिंपला सुटला नाही."

सासूबाई गॅसपाशी होत्या. दूध वर येत होतं. त्यांनी गॅस बारीक केला आणि विचारलं, "एका माळेला किती बसले, ते विचार."